तरेदादांनी भरलेला अर्ज

मला गणित शिकवलं जनार्दन तरे यांनी. माझ्या वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोडाऊनमध्ये, पत्र्याच्या दारावर खडूने. मी आज इंजिनिअर आहे ती त्यांच्यामुळे, हे मी कुणालाही सांगते. एक वर्ष उशिरा झाले तीही त्यांच्यामुळेच. हे मात्र मी फार वर्षं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

दोन हजार सालच्या आसपास वळमध्ये भाताच्या शेतांवर गोडाऊनं उठायला लागली होती. त्यांतल्या एका लहानशा गोडाऊनमध्ये आमच्या शेठचा पॅनेलचा कारखाना होता. पॅनेल म्हणजे लूमच्या, यंत्रमागाच्या, मोटरी चालू-बंद करण्याची बटणं आणि स्विच बसवलेलं पत्र्याचं कपाट. आम्ही सात-आठ बायका त्या कपाटांत वायरी जोडायचो. तरेदादा आमचे सुपरवायझर. राहणार अंजूरचे, शिक्षण आयटीआय वायरमन, वय चाळिशीला टेकलेलं. अंगाने किडकिडीत, कान मोठे, आणि शर्टाच्या खिशाला लाल मुठीचा टेस्टर. तो टेस्टर लग्नाकार्यातसुद्धा खिशाला असायचा. हॉटेलात बसले तरी भिंतीवरचं बटण दाबायच्या आधी ते हाताची उलटी बाजू हळूच लावून करंट येतोय का बघायचे आणि मगच पंखा सुरू करायचे.

कागदावर काही लिहायची त्यांना सवय नव्हती. मोजलेले आकडे ते बॉलपेनने डाव्या हातावर लिहायचे. सकाळी मनगटापासून सुरुवात झाली की संध्याकाळी कोपरापर्यंत आकडे गेलेले असायचे. कुणी काही म्हणालं, "दादा, ही मोटर जास्तच तापतेय असं वाटतं," की त्यांचं उत्तर ठरलेलं, "वाटतंय सांगू नको, मोजून सांग." हे फक्त मोटरीपुरतं नव्हतं. एकदा मी उशिरा आले आणि म्हटलं, सासूबाई रागावल्यात. त्यांनी मान वर न करता विचारलं, "राग पाचात किती?" मी म्हटलं, चार. "मग आज लवकर घरी जा. तिनाच्या खाली असता तर उशिरापर्यंत बसवली असती."

मी बारावी सायन्स झाले होते. पुढे शिकायचं राहून गेलं, लग्न झालं, कल्याणहून वळला आले. नवरा, प्रकाश, गोडाऊनमध्ये माल उतरवून घ्यायच्या कामावर होता. मुलगी पल्लवी तेव्हा दोन वर्षांची होती. जोडलेलं पॅनेल तपासताना मी एकदा तरेदादांना विचारलं, ही वायर इथेच का येते? तिथे का नाही? त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली. म्हणाले, "आठ वर्षांत इथं ह्या कुणी विचारला न्हाय." आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत पत्र्याच्या दारावर खडू चालायला लागला.

शिकवायची त्यांची पद्धत अजब होती. विजेच्या गणितात एक j नावाची भानगड असते, काल्पनिक संख्या. पुस्तकात वाचून माझ्या डोक्यात ती शिरत नव्हती. दादा स्टुलावर बसले, माझ्याकडे तोंड करून. मग जागच्या जागी काटकोनात वळले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "यो j. माणूस तोच, वजन तेवढाच. फक्त तुझ्याकडं बघत न्हाय, म्हणून तुझ्या कामाचा न्हाय. आणखी एकदा वळला," म्हणत ते पाठमोरे झाले, "का झाला उणे. समजला?" समजलं. पुढे कॉलेजात मोठमोठ्या प्राध्यापकांकडून तेच ऐकलं, पण मला अजूनही j म्हटलं की भिंतीकडे तोंड करून बसलेले तरेदादा दिसतात.

दादांना स्वतःलाही पुढे डिग्री हवी होती, ती का, तेही सांगायला हवं. भिवंडीत अन्सारीचाचांच्या लूमच्या कारखान्यात रोज दुपारी दोनच्या सुमारास मोटरी बंद पडायच्या. दोन इलेक्ट्रिशियन येऊन सामान बदलून गेले होते. शेठने दादांना पाठवलं आणि पॅनेल आमचं म्हणून मला सोबत दिलं. दादा गेले आणि स्टूल घेऊन बसले. दर दहा मिनिटांनी तिन्ही फेजचा व्होल्टेज मोजायचे, हातावर लिहायचे, पुन्हा बसायचे. लूमच्या खडखडाटात चाचा ओरडले, "मिस्त्री, कुछ करोगे भी, या बैठे ही रहोगे?"

"चाचा, बैठनाच काम हाय आजका," दादा म्हणाले.

पावणेदोनला एका फेजचा आकडा उतरायला लागला. दादा उठून बाहेर गेले आणि मागच्या भिंतीवरच्या विजेच्या पेटीला हात न लावता नाक लावलं. त्या पेटीवर दुपारचं ऊन यायचं, आतला जोड सैल होता, तापला की आणखी सैल व्हायचा. वीस मिनिटांचं काम. चाचांनी दादांना मिठी मारली.

दोन दिवसांनी विमा की कसल्याशा कामासाठी मुंबईहून एक तरुण इंजिनिअर रिपोर्ट करायला आला. दादांनी हातावरचे आकडे एका कागदावर उतरवून ठेवले होते, ते त्याने मागून घेतले. रिपोर्ट आला तेव्हा त्यात तेच आकडे होते, दोष तोच होता आणि खाली त्याचं नाव होतं. दादा चाचांना म्हणाले, निदान 'तरे वायरमनने दाखवलं' एवढं तरी लिहायला हवं होतं. तो इंजिनिअर तिथेच उभा होता. हसून म्हणाला, "अरे, वायरमन का नाम रिपोर्ट में नहीं आता."

 परतताना रिक्षात, अंजूरफाटा आल्यावर, दादा म्हणाले, "बाय, संध्याकाळचा डिप्लोमा निघालाय. आपुन दोघं जाऊ."

चार वर्षं आम्ही तो डिप्लोमा केला. दिवसा पॅनेल, संध्याकाळी वर्ग. पहिल्या दिवशी दादा वर्गात शिरले तर शिकवणारे चोवीस-पंचवीस वर्षांचे सर खडू ठेवून उभे राहिले. त्यांना वाटलं, तपासणीला कुणी साहेब आलेत. दादाही गोंधळून उभेच. शेवटी दादा म्हणाले, "सर, बसतो मी. मागं बसू का?" वर्गातली पोरं त्यांना काका म्हणायची आणि परीक्षेच्या आधी त्यांच्याभोवती गराडा घालायची. लोडशेडिंगमुळे वर्गातले दिवे गेले की सर थांबायचे, पण दादा बोलून शिकवायचे. वळला परत येताना रिक्षात आमची उजळणी चालायची. शेजारचा प्रवासी एकदा म्हणाला, भाऊ-बहीण शिकता का? दादा म्हणाले, "हां."

घरी मला हे सोपं नव्हतं. सासूबाईंचं म्हणणं, पोर लहान आहे आणि ही वह्या घेऊन बसते. प्रकाश मला अडवत नव्हता, पण त्याच्या आईपुढे माझ्या बाजूने तोंडही उघडत नव्हता. तरेदादा एका रविवारी घरी आले, सासूबाईंसमोर बसले आणि त्यांच्याच बोलीत म्हणाले, "मावशे, तुझी सून हुशार हाय. माझ्यापरीस हुशार हाय. तिला शिकू दे. जबाबदारी माझी." सासूबाईंनी त्यांच्यासाठी कोलंबीचं कालवण केलं. त्यानंतर मला घरातून कुणी काही बोललं नाही.

डिप्लोमाचा शेवटचा निकाल लागला. दादांना एकाहत्तर टक्के, मला चौऱ्याहत्तर.

दादांनी कारखान्यात पेढे वाटले. प्रत्येकीला सांगत होते, "बाय माझ्यापुढं गेली." डोळ्यांत पाणी होतं. मला त्या पाण्याबद्दल तेव्हा शंका आली नाही, आजही येत नाही. मात्र त्याच दिवशी दुपारी एक गोष्ट घडली. दादांनी स्वतः जोडलेलं एक पॅनेल तपासणीत उलटं निघालं. दोन वायरींची अदलाबदल. बारा-तेरा वर्षांत त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. आम्ही बायका हसलो, तेही हसले.

डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो. डिप्लोमाच्या मार्कांवर यादी लागते आणि रिकाम्या राहिलेल्या जागा भरतात. आम्हाला दोघांनाही संध्याकाळी चार तास कारखान्यात येता येईल असंच कॉलेज हवं होतं, कारण शेठने नोकरी त्याच अटीवर ठेवली होती. असं कॉलेज एकच होतं. रिकाम्या जागांचा तक्ता लागला तेव्हा त्या कॉलेजात इलेक्ट्रिकलला एक जागा होती.

मी तक्ता बघून दादांना म्हटलं, "मी भरत नाही अर्ज. तुम्ही जा. मी पुढच्या वर्षी बघीन."

ते असे संतापले की मी घाबरले. "जल्लं तुझं शिक्षण! चार वर्षं काय भाजी निवडायला शिकवली तुला? ज्याचे मार्क जास्त त्याची जागा. दुसरी फेरी असते, तिच्यात आणखी जागा येतात, मी तिच्यात लागेन. अर्ज भर."

मी भरला. दुसऱ्या फेरीलाही तोच अर्ज चालायचा, म्हणून दादांनी स्वतःचाही भरला आणि समोर बसून माझा तपासला. जातीच्या दाखल्यापासून मार्कशीटच्या झेरॉक्सपर्यंत एकेक कागद त्यांनी क्रमाने लावला. अंजूरच्या शाळेच्या हेडमास्तरांकडून साक्षांकित करून आणायलाही तेच माझ्यासोबत आले होते.

अर्ज द्यायच्या शेवटच्या दिवशी पल्लवीला ताप भरला. एकशे तीन. अर्ज स्वीकारायचं केंद्र ठाण्याला होतं. मी दादांना फोन केला. ते म्हणाले, "पोरीजवळ बस. मी जातोच हाय, दोन्ही देतो." रिक्षा दारात उभी करून ते अर्ज घ्यायला आले. पल्लवीच्या कपाळाला त्यांनी हाताची उलटी बाजू लावली, वायरीला लावायचे तशी, आणि म्हणाले, "एकशेदोनच्यावर हाय. डॉक्टरला दाखव." माझी निळी फाईल काखेत मारून गेले.

यादी लागली. जनार्दन तरे यांचं नाव होतं. माझं नाव कुठेच नव्हतं, ना वर, ना खाली, ना प्रतीक्षा यादीत.

दादाच सांगायला आले. उंबऱ्यात उभे राहिले, आत आले नाहीत. "बाय, तुझा अर्ज बाद केला. एका झेरॉक्सवर शिक्का न्हवता म्हणतात. मी लई भांडलो."

मला आठवत होतं, हेडमास्तरांनी सगळ्या कागदांवर शिक्का मारला होता. मग वाटलं, एखादा राहिला असेल. पल्लवीच्या तापात मीच कागद वरखाली केले असतील. वर्षभर मी स्वतःलाच बोल लावले. रात्री कूस बदलताना तो एक कागद डोळ्यांसमोर यायचा, कधी शिक्क्यासकट, कधी शिक्क्याविना. सासूबाई मला वज्रेश्वरीला घेऊन गेल्या, गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून बसवलं आणि मायेने म्हणाल्या, "देवीच्या मनात न्हाय तर कशाला हट्ट करतंस?"  घरात पुन्हा विषय काढायची मला लाज वाटत होती. पेपरवर शिक्का बघायचं भान नसलेली बाई इंजिनिअर काय होणार, असं मीच म्हणायला लागले होते.

त्या वर्षभरात तरेदादांनी माझ्यासाठी जे केलं ते सख्ख्या भावाने केलं नसतं. कॉलेजात ते वहीत कार्बन घालून लिहायचे. वरची प्रत त्यांची, खालची निळी प्रत माझी. कागदाला हात न लावणारा माणूस पानंच्या पानं लिहायला लागला होता. दर शनिवारी ते निळ्या पानांचा गठ्ठा घेऊन कारखान्यात यायचे आणि जेवणाच्या सुट्टीत मला शिकवायचे. म्हणायचे, "पुढच्या वर्षी तुला काही जड जाणार न्हाय." मी सगळ्यांना सांगायचे, असा माणूस मिळायला नशीब लागतं.

पुढच्या वर्षी त्या कॉलेजात दोन जागा निघाल्या. या वेळी मी कुणाला काही सांगितलं नाही, रजा टाकली आणि स्वतः ठाण्याच्या केंद्रावर गेले. खिडकीत एक चष्मा लावलेल्या बाई होत्या. माझी पाळी आल्यावर मी एकेक झेरॉक्स त्यांना उलटून दाखवायला लागले. त्या वैतागल्या. "अहो, ठेवा ना. मी बघते."

"मॅडम, मागच्या वर्षी शिक्क्यासाठी बाद झाला होता माझा अर्ज."

"शिक्क्यासाठी बाद नाही करत आम्ही. त्रुटी असली तर पत्र जातं घरी, आठ दिवस देतो. पत्र नाही आलं?"

"नाही."

मागे रांग नव्हती, पावसाने लोक कमी होते. म्हणून असेल, त्या उठल्या आणि कपाटातून मागच्या वर्षीचं आवक रजिस्टर काढलं. तारीख विचारली. मी सांगितली. पान काढून त्यांनी बोट फिरवलं. "तुमचं नाव काय म्हणालात? नाहीये. कुणी आणून दिला होता?"

"जनार्दन तरे."

"हे आहेत. हे बघा, तीन वाजून दहा मिनिटं, त्यांची सही. एक अर्ज. त्यांच्यानंतर कुणी शिंदे आहेत, मग सय्यद." त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "तुमचा अर्ज आलाच नव्हता हो."

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. तरेदादांची सही मला ओळखीची होती, र मोठा आणि शेवटी दोन टिंबं. मॅडमनी विचारलं, पाणी हवं का. मी नको म्हटलं, नव्या अर्जाची पावती घेतली आणि बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. रडू आलं नाही. मी वर्षभर ज्या झेरॉक्सचा विचार केला, ती पूर्ण बरोबर होती, एवढंच मनात येत होतं.

शनिवारी दादा निळी पानं घेऊन आले. जेवणाची सुट्टी होती, बायका बाहेर कट्ट्यावर डबे उघडून बसल्या होत्या. मी पानं हातात घेतली नाहीत. म्हटलं, "दादा, मी ठाण्याला गेले होते. रजिस्टर बघितलं."

 गठ्ठा त्यांनी पॅनेलवर ठेवला, कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. मग स्टुलावर बसले.

"रिक्षात बसलो तवा माझ्या मनात कायसुद्धा न्हवतं," ते म्हणाले. "पल्लवीची शप्पथ."

"माझ्या पोरीची शपथ घेऊ नका."

"न्हाय घेत." त्यांनी मान हलवली. "रांगेत व्हतो. पुढं चार माणसं. तवाही काय न्हवतं. खिडकीपाशी आलो, दोन्ही अर्ज हातात. बाई बोलली, द्या. माझा एकच हात पुढं गेला, बाय. दुसरा गेलाच न्हाय."

"आणि वर्षभर? वर्षभरही गेला नाही?"

त्यांनी खिशातला टेस्टर काढला, परत खोचला.

"मी तुम्हाला म्हटलं होतं, मी भरत नाही, तुम्ही जा. मी जागा देत होते तुम्हाला. तुम्हीच मला ओरडलात."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "म्हणून तर. तू दिलेल्या जागेवर मना बसायचं न्हवतं. मीच शिकवलेली पोर, तिनं मना जागा सोडायची? जल्म गेला माझा दुसऱ्याच्या सहीखाली. तू सोडली असतीस तर ती तुझी मेहेरबानी झाली असती."

"मग चोरी बरी?"

"बरी न्हाय," ते म्हणाले. "पण ती माझी व्हती."

बाहेर बायका हाका मारत होत्या. मी विचारलं, माझा अर्ज कुठे आहे? म्हणाले, घरी, ट्रंकेत, फाडवला न्हाय. मी म्हटलं, ठेवा आता. आणि कामाला लागले. दिवसभरात एकच पॅनेल झालं.

मी हे प्रकाशला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरात आधी हेच निघालं असतं, की बघा, बाहेरच्या माणसावर विश्वास टाकला की काय होतं, आता बस घरी. दादांनी सासूबाईंसमोर घेतलेल्या जबाबदारीवरच माझं शिक्षण चालू होतं. ती जबाबदारी खोटी निघाली हे कळलं असतं तर मीच अडकले असते. ज्याने फसवलं त्याचं नाव मला सांभाळावं लागत होतं, याचा राग मला फसवणुकीपेक्षाही जास्त यायचा.

मला प्रवेश मिळाला. मी दुसऱ्या वर्षाला, दादा तिसऱ्याला. दोन वर्षं आम्ही एका इमारतीत शिकलो. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. लॅबच्या बाहेर पोरांच्या घोळक्यात ते उभे असायचे, पोरं काका-काका करायची, एखाद्याची वही त्यांच्या हातात असायची आणि मी आले की त्यांचं बोलणं मध्येच थांबायचं. पोरांना वाटायचं, काकांचं वय झालंय, बोलताना विसरतात. शनिवारी ते कारखान्यात गठ्ठा ठेवून जायचे, मी नसेन अशा वेळी. मी ती पानं फेकून द्यायला हवी होती. फेकली नाहीत. त्याच पानांवर अभ्यास केला आणि प्रत्येक परीक्षा त्याच पानांवर पास झाले. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांचं निळं अक्षर वाचताना कुठे अडलं तर समासात बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, 'इथे चुकशील.' आणि मी खरोखर तिथेच चुकत असे.

दादा सत्तेचाळिसाव्या वर्षी डिग्री होऊन बाहेर पडले. मी पुढच्या वर्षी झाले. नंतर मी ठाण्याच्या एका कंपनीत लागले. ते भिवंडीतच गोडाऊनांच्या वायरिंगची कामं बघायला लागले, असं कळायचं. हळूहळू मी त्यांचा विचार करणं सोडून दिलं. पूर्ण सुटलं नाही, पण रोजचं राहिलं नाही.

त्यानंतर वर्षा-दीड वर्षाने, एका रविवारी दुपारी, दारात तरेदादा आणि त्यांची बायको उभी. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. वहिनींना मी चार-पाचदा भेटले असेन. ठेंगणी, हसरी बाई, खाडीवरच्या बायका नेसतात तशी घट्ट साडी नेसलेली. प्रकाश घरी नव्हता, सासूबाई आत झोपल्या होत्या. दादा खुर्चीच्या कडेला बसले. केस बरेच पांढरे झाले होते. मी चहा ठेवला.

वहिनींनी पिशवीतून नारळ काढला, खण काढला, तांदूळ काढले. "ताई, उठा. वटी भरते तुमची."

"कशाला, वहिनी? लग्न तुमच्या घरी."

"लग्नाची न्हाय ओ," त्या म्हणाल्या. "ही कधीची राह्यली होती. यान्ला किती वेळा बोलले, मना घेऊन चला, हे आणतच न्हवते. तुमचे मार्क यांच्यापेक्षा जास्त, जागा तुमची, आणि तुम्ही यांच्यासाठी सोडली. वर्षभर घरी बसलात. यादी लागली त्याच दिशी हे घरी येऊन बोलले मना, बाय बोलली, दादा तुमचं वय झालं, तुम्ही आधी जा. सख्खी बहीण न्हाय करत असं. मी देवीपुढं रोज तुमचं नाव घेते."

मी दादांकडे बघितलं. ते कपाकडे बघत होते. ज्या मेहेरबानीखाली जगायचं नव्हतं म्हणून त्यांनी माझा अर्ज काखेतच ठेवला, तीच मेहेरबानी त्यांनी घरी पहिल्या दिवसापासून सांगितली होती. मी थांबले. त्यांनी बोलावं म्हणून थांबले. वहिनी नारळ पुढे करून उभ्या होत्या, कुंकवाचं बोट माझ्या कपाळापाशी आलं होतं.

मी त्यांचा हात धरला. "वहिनी, मी जागा सोडली नव्हती."

त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी संकोचाने म्हणते आहे. "असं कसं?"

"माझा अर्ज त्यांनी दिलाच नाही. दोन्ही घेऊन गेले होते, एकच दिला. मला वर्षभर माहीत नव्हतं."

वहिनींनी मान वळवली. "काय बोलतात या?"

दादांनी कप खाली ठेवला. "खरं हाय," म्हणाले.

"तुमच्या ट्रंकेत निळी फाईल हाय..." वहिनी म्हणाल्या आणि थांबल्या. "मी इचारलं व्हतं ती कुणाची. तुम्ही बोललात, जुनी हाय."

 आतल्या खोलीत सासूबाई खोकल्या. मला वाटलं, वहिनी सामान उचलून जातील. त्यांनी तसं केलं नाही. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, नारळ, खण, तांदूळ माझ्या पदरात घातले, सगळं नीट. मग मला वाकून नमस्कार करायला लागल्या, मी त्यांना वरच्यावर धरलं. त्यांचे दंड थंडगार लागले. पत्रिका टेबलावर ठेवून त्या बाहेर पडल्या.

दादा दारात चपला शोधत होते. चपला समोरच होत्या. 

खिडकीतून मला रस्ता दिसत होता. वहिनी झपाझप पुढे चालल्या होत्या, दादा रिकामी पिशवी घेऊन मागे. नाक्यावर रिक्षा उभी होती. वहिनी तिच्यात बसल्या, दाराच्या बाजूलाच, आणि आत सरकल्या नाहीत. दादा रिक्षापाशी जाऊन उभे राहिले. रिक्षावाल्याने मागे वळून काही विचारलं असावं. वहिनी समोर बघत होत्या. मग रिक्षा निघून गेली.

दादा जरा वेळ तिथेच उभे होते. दुपार होती, रस्त्यावर गोडाऊनांचे ट्रक लागले होते आणि सावली कुठेच नव्हती. त्यांनी पिशवीची घडी घातली, काखेत धरली आणि अंजूरच्या दिशेने चालायला लागले.